माहीमची बुधवारची नोव्हेना: एकच वाक्य घेऊन जा

माहीमच्या सेंट मायकल चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनाबद्दल नेटवर शोधलंत तर टायमिंग, पार्किंग आणि "इथे मागितलं की मिळतं" एवढंच सापडतं. फोटो भरपूर आहेत, पाच स्टार देऊन "खूप शांत वाटलं" लिहिणारेही भरपूर आहेत, पण आत नेमकं काय होतं, कोणी जावं आणि गेल्यावर करायचं काय हे मराठीत नीट लिहिलेलं मला तरी दिसलं नाही, म्हणून लिहितेय. मी वसईची, कॅथलिक घरातली, नोकरी बांद्र्याला, त्यामुळे बुधवारी ऑफिस सुटलं की घराकडची लोकल सोडून उलट दिशेने एक स्टेशन माहीमला जायचं हे बरीच वर्षं चाललंय. मला इथे जे सगळ्यात मोलाचं वाटतं ते आधीच सांगते. इथे लांबलचक प्रार्थना यावी लागत नाही, पाठांतर लागत नाही, चांगलं बोलता यावं लागत नाही. एक वाक्य घेऊन यायचं, पण ते खरं असलं पाहिजे, देवापुढे ठेवायचं आणि घरी जायचं. त्यासाठी या शहरात दर आठवड्याला कोणीतरी दार उघडं ठेवतंय ही मला मोठी कृपा वाटते.

नोव्हेना म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. नऊ दिवस सलग केलेली प्रार्थना. येशू स्वर्गात गेल्यावर पवित्र आत्मा येईपर्यंत शिष्य आणि येशूची आई मारिया माडीवरच्या खोलीत एकत्र प्रार्थना करत थांबले होते, त्यातून ही पद्धत आली असं आम्ही मानतो. माहीमची नोव्हेना येशूच्या आईच्या, म्हणजे अवर लेडी ऑफ पर्पेच्युअल हेल्पच्या (सदा मदत करणाऱ्या माऊलीच्या) नावाने आहे आणि जराशी वेगळी आहे, ती कधी संपतच नाही, दर बुधवारी चालू, तुम्ही कुठल्याही बुधवारी येऊन सामील व्हा. अशी न संपणारी साप्ताहिक नोव्हेना अमेरिकेत सेंट लुईसला १९२७ मध्ये सुरू झाली आणि तिथून जगभर पसरली, माहीमला ती १९४८ मध्ये आली. चर्च मात्र खूप जुनं, मूळचं १५३४ चं, पोर्तुगीज फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंनी बांधलेलं, आत्ताची इमारत १९७३ ची. बांद्र्याच्या माऊंट मेरीची मूर्तीसुद्धा मराठे-पोर्तुगीज लढाईच्या काळात, १७३९ च्या सुमाराला, इथे आणून ठेवली होती आणि १७६१ ला परत बांद्र्याला नेली. म्हणजे संकटात आसरा घ्यायला यायची जागा ही ओळख या चर्चला नोव्हेनाच्या आधीपासूनच आहे.

जायचं कसं, तर वेस्टर्न लाइनला माहीम किंवा माटुंगा रोड, वेस्टला उतरा आणि लेडी जमशेदजी रोड पकडून चर्चकडे या, कोणालाही "माहीम चर्च" विचारा, चुकायचा प्रश्नच नाही. बुधवारी गाडी घेऊन अजिबात येऊ नका. त्या रस्त्याला तसाही ट्रॅफिक असतो आणि बुधवारी फुटपाथवर माणसं, फुलवाले, मेणबत्तीवाले यांच्यातूनच वाट काढावी लागते. याच भागात शितळादेवीचं देऊळ, पुढे मखदूम बाबांचा दर्गा, आणि बुधवारी चर्चच्या गर्दीत निम्मे चेहरे तरी ख्रिस्ती नसतात. टिकली लावलेल्या काकू, बुरख्यातल्या बायका, कॉलेजची पोरं, कोळीणबाई टोपली बाजूला ठेवून गुडघे टेकलेली. कोणी कोणाला विचारत नाही तू इथे कशाला.

बाहेरच्या मेणाच्या वस्तूंबद्दल लिहायलाच पाहिजे. साध्या मेणबत्त्या तर असतातच पण मेणाची छोटी छोटी घरं, बाळं, हात, पाय, डोळे असं सगळं मांडलेलं असतं. ज्याला घर हवंय तो मेणाचं घर घेतो, ज्याचा गुडघा दुखतोय तो पाय घेतो. मला लहानपणी हे बघून विचित्र वाटायचं, आता वाटत नाही. एकदा माझ्या पुढे एक बाई होती, साधारण पन्नाशीची, खांद्याला डब्याची पिशवी, तिने स्टॉलवाल्याला विचारलं, "भाऊ, ह्यात किडनी नाय का ओ?" तो म्हणाला, "किडनी नाय मावशी, पूर्ण माणूस हाय, तो घ्या." तिने मेणाचा तो वीतभर माणूस घेतला, पदराने पुसला, आणि पूर्ण वेळ हातात धरून उभी राहिली. तिची प्रार्थना मी ऐकली नाही पण मला ती कळली. बोलून जे सांगायला अर्धा तास लागला असता ते तिने हातात धरलं होतं. मेणाच्या माणसात काही शक्ती असते असं मी मुळीच म्हणत नाही, चर्चसुद्धा तसं शिकवत नाही, विकत नाही घेतलं तरी काहीही बिघडत नाही. पण ज्याला शब्द सापडत नाहीत त्याला हातात धरायला काहीतरी मिळतं हे खरं.

आता आत. दिवसभर एकामागून एक नोव्हेना चालू असतात, वेगवेगळ्या भाषांत, इंग्रजी जास्त, शिवाय कोकणी, हिंदी, मराठी. एक नोव्हेना साधारण अर्धा-पाऊण तास. आधी गाणं, मग सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, मग विनंत्या, लोकांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांमधल्या काही वाचतात, उपकारस्तुतीच्या आणि मागण्यांच्या दोन्ही, मग छोटंसं प्रवचन, आजाऱ्यांसाठी आशीर्वाद, शेवटी पवित्र साक्रामेंताचा, म्हणजे ज्यात येशू हजर आहे असं आम्ही मानतो त्या पवित्र भाकरीचा, आशीर्वाद. सगळं पटापट, कुठे रेंगाळत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला कदाचित वाटेल की हे काय, बसतोय न बसतोय तोवर संपलं. पण यातच खरी गंमत आहे, म्हणजे मला तरी हेच आवडतं, की कामावरून आलेल्या, अजून दीड तास लोकलमध्ये उभं राहायचं असलेल्या माणसाकडून चर्च त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त मागत नाही.

आणि या सगळ्याच्या मध्ये एक जागा येते जिथे सांगतात की आता तुमची स्वतःची विनंती मनातल्या मनात मांडा. मग सगळं थांबतं. काही सेकंदच. एवढी माणसं, बाहेर हॉर्न, कोणाचं तरी बाळ रडतंय, आणि आत कोणीही बोलत नाही. माझ्यासाठी अख्खी नोव्हेना या काही सेकंदांसाठी आहे, आधीचं सगळं तिथपर्यंत आणून सोडतं आणि नंतरचं सगळं त्याला धरून ठेवतं. तेवढ्या वेळात भाषण बसत नाही. घरच्या सगळ्यांची नावं घेत, अडचणी समजावत, वर उपाय पण सुचवत केलेली प्रार्थना तिथे बसतच नाही. तुम्हाला निवडावं लागतं की माझं खरं मागणं काय आहे. आणि निवडताना बऱ्याचदा लक्षात येतं की आपण जे मागायला आलो होतो त्याच्या खाली दुसरंच काहीतरी आहे. प्रमोशनसाठी आलेली मी त्या क्षणी "मला भीती वाटतेय" एवढंच म्हणून उठलेय.

बायबल उघडून बघा, ज्या प्रार्थना आपल्याला पाठ आहेत त्यातल्या कितीतरी एका श्वासात संपतात. पेत्र पाण्यावर चालता चालता बुडायला लागला तेव्हा "प्रभुजी, मला वाचवा" एवढंच ओरडला, बुडणारा माणूस आणखी काय बोलणार, आणि येशूने लगेच हात पुढे केला. जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजायचे तो कर गोळा करणारा, देवळात लांब उभा राहून छाती बडवत "हे देवा, मज पाप्यावर दया कर" म्हणाला आणि त्याच्या पुढे उभा राहून आपल्या उपासांचा हिशेब देणाऱ्या परुश्यापेक्षा, म्हणजे धर्मनियम कडक पाळणाऱ्यापेक्षा, हाच नीतिमान ठरून घरी गेला. आंधळा बार्तिमय रस्त्याच्या कडेला बसून "येशू, दावीदपुत्रा, माझ्यावर दया कर" ओरडत राहिला, लोक गप्प बस म्हणाले तर अजून जोरात ओरडला. आजारी मुलाचा बाप म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. मला स्वतःला ही सगळ्यात जवळची वाटते, कारण यात माणूस आपला विश्वास जेवढा आहे तेवढाच सांगतो, वाढवून सांगत नाही. जुन्या करारात बहिणीला, मिर्यामला, कोड फुटल्यावर मोशे जी प्रार्थना करतो ती एका ओळीची आहे, देवा तिला बरं कर. ज्याने देवाशी डोंगरावर एवढं बोलणं केलं त्या मोशेला बहिणीसाठी एवढेच शब्द पुरले.

पण माहीमला उभं राहून मला जास्त आठवतात त्या दोन जागा योहानाच्या शुभवर्तमानातल्या आहेत. काना नावाच्या गावातल्या लग्नात द्राक्षारस संपतो. मारिया येशूला जाऊन सांगते, त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही. बस्स. तू असं कर, तसं कर, ह्या लोकांची अब्रू जाईल, यातलं काही ती बोलत नाही. गरज सांगते आणि मग नोकरांकडे वळून म्हणते, हा सांगेल ते करा. तसंच लाजरस आजारी पडतो तेव्हा मार्था आणि मारिया (ही येशूची आई नव्हे) या त्याच्या दोघी बहिणी येशूला निरोप पाठवतात की प्रभुजी, ज्याच्यावर तुमचं प्रेम आहे तो आजारी आहे. लवकर या असंही म्हणत नाहीत. जे आहे ते सांगितलं आणि थांबल्या. मला वाटतं छोट्या प्रार्थनेची ताकद नेमकी इथे आहे, की आपण आपली गरज सांगतो आणि पुढचं देवावर सोडतो. लांब प्रार्थनेत आपण बरेचदा देवाला काम समजावून सांगत बसतो. आणि माहीमची नोव्हेना ज्या माऊलीच्या नावाने आहे, ती काना गावी येशूला असं एकच वाक्य बोललेली, त्यामुळे तिच्यासमोर उभं राहून लांबण लावावीशी वाटतच नाही.

तिच्या चित्राबद्दल दोन शब्द. अवर लेडी ऑफ पर्पेच्युअल हेल्पचं मूळ चित्र रोममध्ये आहे, सोनेरी पार्श्वभूमीवर लाकडी फळीवर काढलेलं जुन्या पूर्वेकडच्या पद्धतीचं, १८६६ मध्ये पोप पायस नववे यांनी ते रिडेम्प्टरिस्ट संघाच्या फादरांकडे दिलं आणि हिची ओळख जगाला करून द्या असं सांगितलं. घरोघरी त्याच्या फ्रेम असतात पण नीट कोणी बघत नाही. बघा एकदा. दोन बाजूला दोन देवदूत, डावीकडचा मायकल, त्याच्या हातात भाला आणि स्पंज, उजवीकडचा गॅब्रिएल, त्याच्या हातात क्रूस आणि खिळे. बाळ येशूने मान वळवून ते बघितलंय, घाबरलाय, आईकडे पळत आलाय, पळता पळता एका पायातली चप्पल सुटून लोंबतेय, आणि त्याने दोन्ही हातांनी आईचा एक हात घट्ट धरलाय. तोंड मिटलेलं आहे. ज्या चर्चला मायकलचं नाव आहे तिथे हे चित्र येऊन बसलं याचं मला फार वाटतं. तर ती सुटलेली चप्पल बघा, म्हणजे मागायचं कसं ते आपोआप कळेल.

हे सगळं मला पुस्तकी वाटलं असतं, पण पप्पांमुळे ते घरात आलं. पप्पा म्हणजे गावातले प्रार्थना घेणारे. मे महिन्यात क्रुसाजवळ रोझरी (जपमाळेची प्रार्थना) असली की पुढे पप्पाच, अख्खी लितानी (एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायची लांब प्रार्थना) तोंडपाठ, आवाज असा की पलीकडच्या आळीत ऐकू जायचा. त्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर येत नव्हते, "पाणी" म्हणायला जायचे आणि भलतंच काहीतरी निघायचं, मग चिडायचे, रडायचे. स्पीच थेरपिस्टने आम्हाला समजावलं की अशा पेशंटना साधं बोलणं जमत नसलं तरी लहानपणापासून घोकलेलं, गाणी, आकडे, प्रार्थना, हे कधीकधी शाबूत राहतं, तर ते म्हणून घेत जा. तसं झालंही, "प्रभू दया कर" चालीवर म्हणायला लागलं की ते सोबत म्हणायचे. पण स्वतःची प्रार्थना, स्वतःच्या शब्दात, ती गेली होती आणि त्याचंच त्यांना सगळ्यात जास्त दुःख होतं असं आईला वाटायचं.

त्या काळात कोणीतरी आग्रह केला म्हणून आम्ही त्यांना एका मोठ्या प्रार्थना मेळाव्याला नेलं, नाव घेत नाही. तिथे माईकवरून त्यांच्यासाठी प्रार्थना झाली, डोक्यावर हात ठेवून, आवाज चढवत, किती तरी वेळ, पप्पा खुर्चीत घामाघूम झाले, आणि फरक दिसेना तेव्हा प्रार्थना करणारा आईला म्हणाला की घरात विश्वास कमी पडतोय. आई त्या रात्री जेवली नाही. बायको म्हणून तिने जे केलं होतं ते बघितलेल्या माणसाला हे वाक्य कधीच बोलवलं नसतं. मला आजही त्याचा राग आहे. शब्दांच्या वजनाने देव हलतो आणि हलला नाही तर आजाऱ्याच्या घरच्यांचं काहीतरी चुकलं, हे ख्रिस्ताने कुठेच शिकवलेलं नाही. त्याने उलट सांगितलं की फार बोलल्याने ऐकलं जातं असं समजू नका, तुम्ही मागायच्या आधीच तुमच्या पित्याला तुमची गरज माहीत असते.

माहीमला पप्पांना नेलं ते मराठी नोव्हेनाला, व्हीलचेअरवर. गर्दीतून खुर्ची पुढे काढायला दोन पोरं आपणहून आली, कॉलेजची असावीत, एकाच्या कपाळावर गंध होतं, खुर्ची नीट लावून "काका, ठीक?" विचारून मागे गेली. गाणं सुरू झालं तसे पप्पांचे ओठ हलायला लागले, कडव्याच्या शेवटचे शब्द बरोबर यायचे. मग ती शांततेची जागा आली. मी त्यांच्या अगदी बाजूला होते. डावा हात त्यांनी छातीवर नेला आणि हळू आवाजात, पण स्पष्ट, म्हणाले, "येशू, बघ." दोनच शब्द. परत एकदा, "येशू, बघ." कोणी शिकवलेले नव्हते, कुठल्या पाठ प्रार्थनेतले नव्हते, त्यांचे स्वतःचे होते. आई माझ्याकडे बघत राहिली.

चमत्कार झाला का असं लोक विचारतात म्हणून सांगते, पप्पा आज काठीने चालतात ते फिजिओथेरपी आणि आईच्या कष्टांमुळे, देवाच्या कृपेने, आणि बोलणं अजूनही तुटक आहे. नोव्हेनाने बोलणं परत आलं असं मी कुठेही म्हणणार नाही. पण आपल्याला प्रार्थना करता येत नाही हे दुःख गेलं. "येशू, बघ" ही त्यांची प्रार्थना झाली, ताप आला की तेच, नातू परीक्षेला निघाला की तेच, लाइट गेली की तेच. आणि आमच्या घरची संध्याकाळची प्रार्थना पण त्यांच्यामुळे बदलली. रोझरी असतेच, पण शेवटी प्रत्येकाने स्वतःचं एक वाक्य म्हणायचं. माझा भाऊ, जो रोझरीला कायम फोन घेऊन बसायचा, तो एक दिवस "देवा, मला दारू सोडायची आहे" म्हणाला. एवढी वर्षं एका घरात राहून आम्हाला तो हे बोलेल असं वाटलं नव्हतं. मोठी प्रार्थना चालू असताना माणसाला तिच्या मागे लपता येतं, स्वतःच्या एका वाक्यामागे नाही लपता येत.

माझी एक जवळची मैत्रीण नगरची आहे, प्रोटेस्टंट, आमची या विषयावर कायम चर्चा चालते. तिचं म्हणणं, तीच छापील प्रार्थना दर बुधवारी म्हणणं ही पण बडबडच झाली की, येशूने नको म्हटलेली. तिचा मुद्दा मी टाकून देत नाही, मशीनसारखं म्हणणारे लोक मलाही दिसतात. पण येशूने स्वतः गेथशेमाने बागेत तेच शब्द पुन्हा म्हणून तिसऱ्यांदा प्रार्थना केली असं मत्तय लिहितो, तेव्हा परत परत म्हणणं हा दोष नाही, मन नसताना म्हणणं हा दोष. संत ऑगस्टीनने सन ४१२ च्या सुमाराला प्रोबा नावाच्या एका रोमन विधवेला प्रार्थनेबद्दल पत्र लिहिलंय, त्यात तो म्हणतो की इजिप्तमधले मठवासी अगदी छोट्या प्रार्थना वारंवार करतात, झटकन सोडलेल्या बाणासारख्या, म्हणजे मन ताजं असतानाच ती पोचते, मरगळ यायला वेळच मिळत नाही. आणि पुढे तो असंही सांगतो की खूप बोलणं वेगळं आणि खूप प्रार्थना करणं वेगळं. त्याच इजिप्तच्या परंपरेतून स्तोत्र ७० ची पहिली ओळ, देवा माझ्या मदतीला धावून ये, ही दिवसभर मनात घोळवायची सवय युरोपात गेली, आणि आजही आमचे फादर आणि सिस्टर दिवसातल्या प्रार्थना याच ओळीने सुरू करतात. मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा तिने जुन्या करारातल्या नहेम्याचं उदाहरण दिलं, तो राजाच्या पदरी होता, राजा त्याला विचारतो तुला काय हवंय, आणि उत्तर देण्याच्या आधी तो स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो, राजासमोर उभ्या उभ्या, म्हणजे किती सेकंद मिळाले असतील. यावर आमचं दोघींचं एकमत झालं. तिच्या चर्चमध्ये ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात, आमच्याकडे नोव्हेना, पण बॉस केबिनमध्ये बोलावतो तेव्हा दारापाशी दोघी नहेम्यासारखंच करतो.

नऊ बुधवारांबद्दलही स्पष्ट लिहिते कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच असतात. नऊ बुधवार सलग गेलं की मागणं पूर्ण होतं असं लोक मानतात. सलग जाण्यात वाईट काही नाही, शिस्त लागते, आपलं मागणं दर आठवड्याला तपासलं जातं, पाचव्या-सहाव्या बुधवारपर्यंत ते बदललेलंही असतं. पण एक बुधवार पावसाने लोकल बंद पडल्या म्हणून चुकला तर सगळं पहिल्यापासून, नाहीतर देव ऐकणार नाही, ही भीती कृपा करून मनातून काढा. देवाबरोबर सौदा होत नाही. माझ्या ओळखीतली एक मुलगी नववा बुधवार चुकला म्हणून रडत होती, तिला माझी आईच म्हणाली, "अगं बाय, तू यायच्या आधीच त्याने ऐकलंय." याहून चांगलं उत्तर मला कुठल्या प्रवचनात मिळालं नाही.

चिठ्ठी लिहिणार असाल तर एक सुचवते. लोक दोन-दोन पानं लिहितात, सासूने काय केलं, दिराने काय केलं, वकील किती पैसे घेतो. मोकळं व्हायला लिहा, जरूर लिहा, पण मग दुसरा कागद घ्या आणि मार्था-मारियासारखी एक ओळ लिहा. "माझ्या मुलाला झोप लागत नाही." "आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नाही." अशा ओळी वाचल्या जातात ना, तेव्हा अख्खं चर्च त्या माणसासाठी मनापासून प्रार्थना करतं, हे मी स्वतः अनुभवलंय, माझ्या शेजारी उभी असलेली अनोळखी बाई "हो रे देवा" म्हणाली होती. आणि मागणं पूर्ण झालं की उपकारस्तुतीची चिठ्ठी टाकायला परत या. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला परत एकच आला, तेव्हा येशूने बाकीचे नऊ कुठे आहेत म्हणून विचारलं होतं.

कोणी जावं? ज्याला प्रार्थना येत नाही असं वाटतं त्याने आधी जावं. ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांनी जावं, कारण अशा घरात लांब प्रार्थनेला वेळही नसतो आणि त्राणही नसतं. नवरा-बायकोने एकत्र जावं. ज्यांना निवांत ध्यान, तासभर शांतता हवी आहे त्यांनी बुधवार सोडून दुसऱ्या दिवशी यावं, बुधवारी ते मिळणार नाही, मे महिन्यात घामाने भिजाल आणि धक्केही खाल. म्हातारी माणसं, व्हीलचेअर असेल तर ऑफिस सुटायच्या वेळेची नोव्हेना टाळा, दुपारची बरी, बसायला जागा मिळायची शक्यता जास्त. पाण्याची बाटली ठेवा. पाकीट आणि मोबाईल सांभाळा, गर्दीची जागा आहे. मोबाईल सायलेंट, आणि त्या शांततेच्या जागेत तरी व्हिडिओ काढू नका, आजूबाजूला कोणीतरी आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य म्हणत असतं. २७ जूनला माऊलीचा सण असतो आणि त्याच्या आसपासच्या बुधवारी गर्दी कितीतरी जास्त, पहिल्यांदाच जाणार असाल तर तो आठवडा सोडा. मराठी नोव्हेनाची वेळ निघायच्या आधी चर्चच्या ऑफिसला फोन करून विचारून घ्या, सणासुदीला वेळापत्रक बदलू शकतं. हुकली तर दुसऱ्या भाषेतल्या नोव्हेनाला बसा, प्रार्थनेचे सगळे शब्द कळले नाहीत तरी तुमचं एक वाक्य तुम्ही तुमच्याच भाषेत म्हणणार आहात.